मेंढ्यामार्फत अपील

न्याय माणसाच्या दाराशी असावा, असं थोर लोक सांगून गेले. धुळाच्या वाडीत तो दाराच्याही आत आला आहे. मुख्य पंच जोतीराम नाना न्याय देतात, आणि ज्याच्याविरुद्ध न्याय मागायचा तोही बहुधा नानांचाच कुणीतरी असतो. त्यामुळं साक्षीपुराव्याचे हेलपाटे वाचतात. मल्हारला या व्यवस्थेचा लय अभिमान. मेंढरं राखणाऱ्या गड्याला तालुक्याचं कोर्ट परवडतंय होय? इथं चहा निवायच्या आत निकाल.

हरणाबाई ही मल्हारची विधवा भावजय. सासू लवकर गेली, तेव्हा मल्हारला पोटच्या पोरासारखं तिनंच वाढवलं. तिची लेक सोनिया लोणंदला दिलेली, नवरा नानांचा सख्खा पुतण्या. त्यानं मारून सोनियाचा हात मोडला. हरणाबाईनं लेक घरी आणली आणि तडक पोलिसात गेली. पंचांना विचारलंसुद्धा नाही! हात मोडणं हा नवराबायकोतला मामला. पंचांना डावलणं हा अख्ख्या जमातीचा अपमान. (हा फरक ज्याला कळतो त्यालाच पंच करतात.)

निकाल झाला: हरणाबाईशी कुणी बोलायचं नाही. याला बहिष्कार म्हणू नये. बहिष्काराला कायद्यानं बंदी आहे आणि वाडी कायदा पाळते. याला 'विश्रांती' म्हणतात.

तेवढ्यात दिवाळी झाली. दिवाळीनंतर सगळ्यांची मेंढरं नि बिऱ्हाडं एकत्र करून त्यांचा वाडा पश्चिमेला, कोयनेच्या अंगाला चाऱ्याला निघतो. एकट्या बाईला कळप घेऊन घाट चढवत नाही, आणि उन्हाळ्यात वाडीच्या माळावर कुसळही उरत नाही. वाड्यात घेतलं नाही तर कळप गेला, आणि मायलेकींचं पोट त्या कळपावरच. म्हणून हरणाबाईनं अपील केलं.

अपिलाची सोय वाडीत आहे, नाही असं नाही. खालचं कोर्ट पारावर बसतं, वरचं देवळात. पंच तेच, पण देवळात शिरताना पटके सोडून नव्यानं बांधतात, म्हणजे खालचा निकाल डोक्यात राहत नाही. अडचण वेगळीच निघाली. अपील तोंडी करायचं, आणि या बाईचं बोलणं जो ऐकेल तोही गुन्हेगार. पंचांवरच दंड भरायची पाळी! नानांनी डोकं खाजवून तोड काढली: बाईनं आपल्या मेंढ्याला सांगावं. पंच शेजारी बसतील. कानावर पडलं तर तो दोष कानाचा.

हरणाबाईनं मेंढ्याच्या मानेवर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. पोरीचा हात, प्लास्टर, साधं भांडं पडलं तरी ती कशी दचकते ते. खांबाला टेकलेल्या मल्हारला भडभडून आलं. पण भडभडून आलं तर काय करायचं, हे वाडीच्या कार्यपद्धतीत ठरलेलं नसल्यामुळं त्यानं तंबाखू मळली.

पंचांनी निकालही मेंढ्यालाच ऐकवला. मेंढा पोलिसात गेला नव्हता, सबब मेंढा निर्दोष. त्यानं कळपासह खुशाल वाड्यात यावं, मल्हारनं राखावं. मालकिणीबद्दल म्हणाल, तर मेंढ्यानं तिच्यासाठी काही मागितलंच नव्हतं. उठता उठता नाना मल्हारला म्हणाले, "बघ रं गड्या, असला न्याय साताऱ्यातबी मिळायचा न्हाई." मल्हारनं मान डोलवली.

वाडा निघाला. घोड्यांवर बिऱ्हाडं चढली. हरणाबाई शिवेपर्यंत मल्हारच्या बरोबरीनं चालत आली.

"भावजी, काळी मेंढी गाभण हाय. घाटात तिला सांबाळा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आन् मला येकदा व्हय तरी म्हना. आता पावसाळ्यापतूर पोरीबिगर कुनाचा सबूद कानावर यायचा न्हाई माज्या."

नाना लांब पुढं गेले होते, वाराही उलटा होता. ह्याच बाईनं मल्हारला घास भरवले होते. त्यानं काळ्या मेंढीकडं बघितलं आणि मेंढीला 'व्हय' म्हणाला. हरणाबाई तोंडाला पदर लावून माघारी वळली.

मल्हारचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच पाहिजे. शिकलीसवरली माणसं असं वागत नाहीत. चेअरमनला प्रश्न विचारला म्हणून तुमच्या सोसायटीच्या ग्रुपमधनं ज्या बाईला परवा काढलं, ती काल जिन्यात समोर आली, तेव्हा तुम्ही घाईघाईनं फोन कानाला लावलात. तो वाजला नव्हता.