सुपारी आणि शेळीची शिंक

पाहुणे साखऱ्याहून निघाल्याचा फोन आला आणि व्यंकटरावांनी अंगणातली शेळी घाईघाईनं थेट माजघरात आणून बांधली. माशीनं तिच्या नाकात अळ्या सोडल्या होत्या. बिचारी आठवडाभर नाक घाशीत होती. असलं जनावर दारात दिसलं तर सोयरे काय म्हणतील? पडदा ओढून ते निर्धास्त झाले. त्याच पडद्याआड नटूनथटून बसलेल्या प्रियंकाला, म्हणजे त्यांच्या लेकीला, शेजारीण म्हणून शेळी मिळाली. पण तिला आज कशाचंच वाईट वाटणार नव्हतं. शिवशंकर तिला मनापासून आवडला होता आणि आज सुपारी फुटायची होती.

चहा झाला. मुलाच्या वडिलांनी, विश्वंभररावांनी, अडकित्ता उचलला. माणूस शकुन-अपशकुन फार मानणारा.

"मग फोडू ना सुपारी?"

पडद्यामागून सणसणीत शिंक आली.

अडकित्ता खाली. घोटभर पाणी पिऊन त्यांनी तो पुन्हा उचलला. पुन्हा शिंक!

"कोण शिंकून राहिलं?"

शेळीचं नाव घ्यायची व्यंकटरावांना लाज वाटली. "आमची प्रियंका. जराशी सर्दी हाय लेकराला."

प्रियंकानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात शेळीनं तिसऱ्यांदा कार्यभाग उरकला.

"ही सर्दी न्हाई," विश्वंभरराव उठलेच. "बराबर अडकित्ता उचलला की शिंकती. पोरीच्या मनात न्हाई. काहून जबरदस्ती करता? चल रे शिवशंकर."

शिवशंकर पडेल चेहऱ्यानं चपला शोधू लागला. आता मात्र प्रियंकाला राहवलं नाही. पडदा सारून ती शेळीला ओढतच बैठकीत आली.

"शिंकणारी ही हाय! माझ्या मनात तर लय हाय!"

बोलून गेल्यावर ती लाजेनं लालबुंद झाली. शेळी पुढं होऊन अशी शिंकली की एक गुबगुबीत अळी विश्वंभररावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर येऊन पडली. ते टुणकन उडाले. शिवशंकर पोट धरून हसायला लागला, मग तेही हसले.

"जनावराच्या शिंकेला दोष न्हाई," त्यांनी निकाल दिला.

शिवशंकर सोबत आलेल्या मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसला आणि शेळीला मांडीवर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात निघाला. प्रियंका खिडकीतून बघतच राहिली. असा नवरा कुणाला मिळतो!

बैठक पुन्हा जमली. विश्वंभररावांनी अडकित्ता उचलला, त्यांचं नाक थरथरलं आणि त्यांनाच दणदणीत शिंक आली.

कुणी कुणाकडं बघेना. विश्वंभररावांनी नाक पुसलं, शेळी नसलेल्या माजघराकडं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "लय तकलीफ हाय बाई त्या शेळीला."

"व्हय मामंजी, लयच," प्रियंका आतून म्हणाली, आणि सुपारी फुटली.