निसता माग ठेव

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नानाजींच्या घरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात शिरल्या. बायकोला, चंद्रकलाबाईंना, खोकला लागला, आणि मोबाइलवर बेल्जियमचा एक संगीतकार आला.

या योहानला घरोघरी अडकून पडलेल्या देशोदेशीच्या कलाकारांचे आवाज जुळवून मैफल करायची होती. त्यात त्याला हातमाग हवा होता. गल्लीत चालता माग एकच उरला होता, नानाजींचा. त्यांची मुलगी रोशनी मोबाइल मागाशेजारी टेकवून ठेवी.

चंद्रकलाबाईंचं एकच म्हणणं होतं. "मले दवाखान्यात नोका नेऊ जी. गेलेलं कोणी वापस येऊन नाही राहिलं."

नानाजींनी शब्द दिला. गल्लीला सुगावा लागू नये म्हणून त्या खोकल्या की ते मागाची फणी धाडकन आपटत. खोकला, धाड. खोकला, धाड. कापड इतकं घट्ट झालं की त्यात सुई शिरेना.

"बाबा, तो म्हणते, असा ठेका जन्मात ऐकला नाही."

"त्याले सांग, खोकला काढून टाक. निसता माग ठेव."

"सांगतलं. खोकल्याबिगर ठेक्यात जीव नाही म्हणते."

रविवारी मैफल झाली. योहानने खोकला चांगला पुढे आणला होता. आनंदाच्या भरात रोशनीने लिंक गल्लीच्या ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत समोरच्या प्रेमिलाबाई तोंडाला पदर लावून दारात उभ्या.

"नानाजी, माग मस्त चालवता. पण खोकला आमच्या चंद्रकलाचा होय. काहून लपवून राहिले जी?"

फोनवर फोन करून त्यांनीच रामदासपेठेतल्या दवाखान्यात खाट मिळवली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "चार दिवस आधी आणायचं होतं."

सहाव्या दिवशी चंद्रकलाबाई गेल्या. दवाखान्यात गेलेलं वापस येत नाही, हे त्यांनी खरं करून दाखवलं. त्यात आपलाही हात लागला, हे नानाजींना कोणी सांगावं लागलं नाही.

तेरवीनंतर योहानचा निरोप आला. रोशनीने वाचून दाखवला. "बाबा, तो माफी मागून राहिला. तुमचं ऐकतो म्हणते. खोकला काढून टाकतो."

नानाजी त्या घट्ट कापडावर बराच वेळ हात फिरवत बसले.

"नोको म्हण वं त्याले. माग काढून टाक म्हण. निसता खोकला पाठव."