नानाजींचा ब्लॅकआऊट

दिवेलागण झाली की आमच्या गल्लीत नानाजींची शिट्टी वाजते. चौऱ्याऐंशीचा म्हातारा काठी आपटत दारोदार ओरडतो, "लाईट बंद करा! वरून दुश्मन पाहून राह्यला!" त्यांचं स्वतःचं आठ खोल्यांचं घर तर कायमच काळंठिक्कर.

मला या माणसाची चीड आहे, आणि ती वडिलोपार्जित आहे.

बांगलादेशच्या लढाईत नानाजी आमचे नगराध्यक्ष होते. तिशीतला, नुकताच निवडून आलेला गडी. सरहद्द कुठे, वर्धा जिल्हा कुठे! आमच्या गावावर बॉम्ब टाकायला पाकिस्तानला वेड लागलं होतं का? पण नानाजींनी दवंडी पिटवली आणि गाव अंधारात घातलं. काचांना काळे कागद, कंदिलांना फडकी. नेमकी तेव्हाच माझ्या वडिलांची वरात रोहण्याहून नवरी घेऊन आली. वेशीवर खुद्द अध्यक्षांनी गॅसबत्त्या विझवल्या. पाच मिनिटांत नवरदेव घोडीसकट नालीत! वडील मरेपर्यंत लंगडले आणि मरेपर्यंत नानाजींना शिव्या देत राहिले. पुढच्या निवडणुकीत गावानेही त्यांना धूळ चारली. अध्यक्षपद गेलं, शिट्टी राहिली.

परवा माझ्या पोरीच्या लग्नाची लाईटिंग घरावर चढवली. नानाजी आले, शिट्टी फुंकली आणि सरळ वायर उपटली. माझं टाळकं सटकलं.

"नानाजी, माह्या बापाचा पाय मोडला, आता पोरीचं लग्न मोडता का? तवा तरी सरकारनं सांगितलं होतं का तुमाले?"

"नाई," ते म्हणाले.

"मंग?" मी ओरडलो.

"लहाना भाऊ लढाईवर होता. त्याचं पत्र येनं बंद झालं अन् मायनं दिवा लावनं सोडलं. बाया बोलाले लागल्या, पोरगं जितं असून घरात सुतक पाळते म्हने. माय आयकून रडे. मंग मी पुरं गावच अंधारात ठेवलं. एकटं आपलंच घर तसं दिसाले नको."

"अन् भाऊ?"

"नाई आला."

"मंग आता काऊन शिट्टी फुकता?"

"माय गेली. मी एकटा. लोकाईचे लाईट लागले का आपलंच घर काळं दिसते."

मला आणखीच राग आला. वडिलांचा, त्या बायांचा, आणि पन्नास वर्षं तोंड शिवून बसलेल्या या म्हाताऱ्याचा. बोललोही त्याच रागात.

"हे पाहा, वर्धेवरून नवरदेवाकडचे पंचवीस पाहुणे येऊन राह्यले. त्यायचा जानोसा तुमच्या घरी, तिथंच उतरतीन. खोल्या झाडून ठेवजा. अन् पाहुन्याईले अंधारात जेवू घालता येत नाई, सांगून ठेवतो!"

नानाजी माझ्याहून मोठ्यांदा कडाडले, "लग्न चार दिसावर, अन् सांगाले आज सुचलं तुले? गाद्या किती लागतीन?"