मंदावहिनींना दाखवायचा थर

डगळे सरांच्या हाती चिकटपट्टी द्यायची नाही, असा आमच्या कॉलेजात अलिखित नियम आहे. दिली की संपलंच. भिंतीचा रंग म्हणू नका, कपाटावरचा नंबर म्हणू नका, दिसेल त्यावर पट्टी चिकटवून ते ओढून बघतात. एकदा प्राचार्यांच्या पाटीवरचं सोनेरी अक्षर उपटलं आणि वर त्यांनाच म्हणाले, "सर, अजून एक थर निघतो."

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि प्रवरेकाठच्या अकोल्यात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे पट्टीचं ते चर्र चर्र घरीही माझ्या नशिबी आहेच. सर भौतिकशास्त्राचे. पेन्सिलीत ग्राफाइट असतं ना, त्यावर पट्टी चिकटवायची, ओढायची, त्या पट्टीवर दुसरी चिकटवायची, पुन्हा ओढायची. सोलत सोलत शेवटी एका अणूच्या जाडीचा थर हाती लागतो. लागला तर! त्यातून म्हणे इलेक्ट्रॉन राजूरच्या जीपसारखे थांबत-अडखळत जात नाहीत, सुसाट पळतात. उद्याचे संगणक, मोबाईल त्यावरच चालणार. माझ्या आजच्या मोबाईलला स्वयंपाकघरात रेंज नाही, आधी ते बघा, असं मी त्यांना सुनावलं होतं.

मंदावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, मात्र त्यांना कधी हसल्या नाहीत. कणकेत पट्टीचे तुकडे निघायचे, ते त्या मुकाट्याने बाजूला काढायच्या. मूलबाळ नव्हतं, कुठली हौस नव्हती. मागणं एकच, "अवो, काय सोलताय ते येकदा मला दावा की." सर म्हणायचे, चांगला निघू दे, मग दाखवतो. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, बघायचा तर कॉलेजातल्या भिंगाखालीच. वहिनींचे गुडघे आणि आमचे जिने यांचं कधी जमलं नाही, आणि ते राहूनच गेलं.

यंदा चांगला निघाला. नखाएवढ्या चकचकीत सिलिकॉनच्या तुकड्यावर सरांनी तो बसवला, त्याला सोन्याच्या बारीक तारा जोडल्या. पुण्याच्या प्रयोगशाळेने मोजमापासाठी बोलावलं. इतक्या वर्षांच्या सोलण्याचं चीज होणार होतं. धूळ बसेल म्हणून त्या तुकड्याजवळ ते कुणाला श्वाससुद्धा घेऊ देत नसत. आणि नेमक्या त्याच दिवसांत वहिनींच्या किडन्यांनी हात टेकले. वहिनी गेल्या तेव्हा सर दवाखान्यात उशाशीच होते, तेवढं तरी बरं.

दहाव्याला आम्ही सगळे प्रवरेच्या काठी जमलो. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. झाडावर चांगले चार-पाच बसले होते, एकही खाली येईना. ऊन चढलं. कुणी म्हणालं, जीव कशात तरी अडकलाय. वहिनींच्या भावाने हात जोडून शाळेला पंखे देतो म्हणून सांगितलं. बहिणीने देवीला साडी कबूल केली. कावळे ढिम्म. शेवटी भाऊ सरांकडे वळला. "दाजी, तुमी ते सोलायचं खूळ सोडतो म्हना. त्यातच आक्काचा जीव अडाकलाय."

तो तुकडा सर कपाटातसुद्धा ठेवत नसत, जवळच बाळगत. त्यांनी खिशातून डबी काढली, झाकण उघडलं आणि तुकडा पिंडाशेजारी, उघड्या धुळीत ठेवला.

"मंदा, हा बघ," म्हणाले. "निघाला."

आम्ही मागे सरलो. एक कावळा उतरला, पिंडाला चोच मारली. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात त्या मेल्याने ऊन पडून चमकणारा तो तुकडा चोचीत धरला आणि नदीपलीकडे उडाला. मी ओरडले, धावलेसुद्धा, पण पाण्यापुढे काय करणार? डोळ्यांदेखत माणसाची सगळी उमेद उडून गेली, मला रडूच कोसळलं.

लोक पांगले. सर दगडावर बसून पलीकडे बघत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, सर, पुन्हा करता येईल, अजून एक थर निघेल. त्यांनी मान हलवली. त्यांना तुकड्याचं दुःख नव्हतंच.

"नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही हो तो," ते म्हणाले. "तिला भिंग द्यायचं राहिलं."