मस्तक कापलेल्या ओळीची बखर

श्री कुलस्वामिनी समर्थ. लिहिणाराचा हात स्थिर राहो, वाचणाराचे मन निवांत राहो, आणि मोबाईल धरणाराचे भान ठिकाणावर राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमीचे सुमारास एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी हयात आहेत आणि सर्वांचे हाती मोबाईल आहेत.

तर त्या राज्याचे महाराज शूर, दानी, प्रजावत्सल, सर्व गुणांनी मंडित. एक गाण्याचा षोक तेवढा लागला होता. रोज प्रातःकाळी स्वतःचे गाणे मोबाईलमध्ये भरून 'दरबार मंडळ' नामक ग्रुपात सोडीत, आणि मग मानकरी, सरदार, कारकून सर्वजण खाली अंगठे उमटवीत, आणि कोणी टाळ्या देत, आणि कोणी न ऐकताच 'वाहवा' लिहीत, ऐसा शिरस्ता पडला होता. दिवाण अंताजीपंत हे महाराजांचे बालपणीचे सोबती, जिभेचे तिखट, मनाचे खोल. तेही अंगठा देत. सेनापती हैबतराव हे पंतांचे जिवलग. उभयता रोज एकमेकांस खासगीत संदेश लिहीत, आणि खासगी म्हणजे दोघांतले, तिसऱ्याचे नव्हे, ऐसा उभयतांचा समज होता. समज चांगला होता.

आता त्या राज्यात स्क्रीनशॉट म्हणोन एक विद्या आली होती. पडद्यावर जे दिसेल ते बोटाच्या दाबासरशी जसेच्या तसे टिपून घ्यावे. यास शाई लागत नाही, कारकून लागत नाही, आणि ज्याचे लिहिणे त्याची परवानगी तर मुळीच लागत नाही. एके दिवशी सेनापतींचे मेहुणे निळोजी यांच्या मोबाईलची बॅटरी उतरली, आणि क्रिकेटचा स्कोर पाहतो म्हणोन त्यांनी हैबतरावांचा मोबाईल मागून घेतला, आणि स्कोर पाहता पाहता पंतांचा संदेश त्यांचे दृष्टीस पडला. पंतांनी लिहिले होते: "महाराज आज पुन्हा गायले. खाली दोनशे अंगठे उमटले, पण कान त्यांत एकाचाही नाही. अहो, तान सुरू झाली की पागेतला घोडा चारा सोडतो." निळोजीस हसू आवरेना. मग त्यांनी स्क्रीनशॉट काढिला, आणि वरचा भाग कातरून टाकिला, आणि एका मित्रास पाठविला, आणि "लिहिणे पंतांचे आहे, तुला म्हणून पाठवतो, पुढे पाठवू नकोस," ऐसे बजाविले. मित्राने पुढल्यास तसेच बजाविले. ऐसे बजावीत बजावीत ते चित्र दिवस मावळण्याआधी महाराजांचे हाती पोहोचले.

महाराजांनी वाचिले, आणि कानाची पाळी लाल जाहली. पण चित्राचे वरच्या कडेस एक ओळ अर्धवट कापली गेली होती. अक्षरांचे मस्तक उडालेले, नुसते पाय लोंबत होते. महाराजांची नजर तेथे खिळली. जे दिसते ते इतके कडू, तर जे कापले ते कसे असेल? मग कोणी म्हणाले कट असेल, आणि कोणी म्हणाले शेजारच्या राजाशी संधान असेल, आणि ज्यांस काहीच ठाऊक नव्हते ते सर्वांत जास्त बोलले.

ती ओळ हैबतरावांची होती. हे त्यांनी पुढे स्वमुखे भर दरबारात सांगितले, म्हणोन येथे लिहितो, एरवी लिहिले नसते. त्यांनी पंतांस कळविले होते की, "उजवा डोळा गेला. वैद्यांनी हात टेकले. कळले तर सेनापतीपद जाईल, कोणास सांगू नका." आणि मित्राने घटकाभर हसावे, एवढ्याचसाठी पंतांनी महाराजांच्या गाण्याची थट्टा लिहिली होती.

दुसरे दिवशी दरबार भरला. महाराजांनी विचारिले, "पंत, हे तुमचेच लिहिणे?"

"माझेच, महाराज."

"आणि वरची ओळ?"

"ती माझी नाही."

"मग कोणाची? मोबाईल इकडे आणा. सगळे दाखवा, आणि दिवाणगिरी राखा. नाही दाखविलेत, तर शिक्के ठेवून राज्याबाहेर चालते व्हा."

पंतांनी हैबतरावांकडे पाहिले देखील नाही. त्यांनी मोबाईल काढिला, आणि पडद्यावर बोट ठेविले, आणि आपल्याकडील सारे संभाषण मुळासकट पुसोन टाकिले.

"पुसले, महाराज."

महाराज म्हणाले, "लहानपणापासून आपण एका ताटात जेवलो, पंत. एक ओळ दाखविली असतीत तर काय बिघडले असते?"

"माझी असती तर दाखविली असती," ऐसे बोलोन पंतांनी शिक्के खाली ठेविले, आणि मुजरा केला, आणि दाराकडे वळले. तेव्हा हैबतराव उठले. निळोजीने त्यांची बाही धरली. "दाजी, खाली बसा! तुमचे मी झाकले आहे ना. म्हणून तर वरचे कातरले!" हैबतरावांनी बाही सोडवली, आणि तडक सिंहासनाकडे चालू लागले, आणि उजव्या हातास मांडलेली समई दिवसाउजेडी त्यांच्या पायाने कलंडली. सगळ्यांस दिसली होती, त्यांस दिसली नाही. तेल पायावर सांडले. मग तेथेच उभे राहोन त्यांनी आपली ओळ अक्षर न अक्षर बोलून दाखविली.

महाराजांनी हातातला मोबाईल पालथा ठेविला. मग म्हणाले, "पंत, आम्हांस एकट्यास तरी सांगायचे होते."

"ते माझे सांगणे नव्हते, महाराज. गाण्याचे मात्र माझे होते. ते तोंडावर सांगायला हवे होते, तेवढा अपराध पदरात घ्या."

"मग आता सांगा."

"वाईट गाता, महाराज."

हसावे की कसे, ते दरबारास कळेना. महाराज मात्र हसले, आणि स्वतः उठोन शिक्के पंतांचे हाती दिले, आणि मग हैबतरावांचे तेलाने माखलेले पाय पाहून त्यांचे हसणे थांबले. त्यांनी सर्वांचे मोबाईल बाहेर ठेवावयाची आज्ञा केली, पण आज्ञा उशिरा निघाली. तिसऱ्या रांगेतल्या कोणी तरी मांडीवर मोबाईल धरून सारे टिपले होते, आणि जेवणे होण्याआधी शेजारच्या राजाने सेनापतींचा उजवा डोळा कामातून गेल्याचे वाचिले होते. या गोष्टीचा आम्हांस आजही संताप येतो. एका माणसाने दिवाणगिरीवर पाणी सोडले ते गुपित राखण्यासाठी, आणि दुसऱ्याने फुकट वाटले.

सारांश, हैबतरावांचे सेनापतीपद गेले, पंतांची दिवाणगिरी राहिली, महाराजांचे गाणे राहिले ते दार लावून. निळोजीस कोणत्या कलमाखाली शासन करावे ते सापडले नाही. आपण तर एकालाच पाठविले, ऐसे ते अद्याप सांगतात. उभयता मित्र पुढे एकमेकांस संदेश लिहिनासे जाहले. बोलावयाचे असले म्हणजे पंत चालत हैबतरावांकडे जात, आणि त्यांच्या डाव्या हातास बसत. तेथे काय बोलत, ते आम्हांस ठाऊक नाही. ठाऊक असते तरी लिहिले नसते.