तिसरं अंडं

फळीवरची सगळी भांडी खाली आली, गाद्या उलट्या झाल्या, पलंगाखालची पेटी ओढून तिच्यातले जुने स्वेटर एकेक करून झटकून झाले, तरी दगड काही सापडेना. दुर्बीणराव दारात उभे राहून हा सगळा उत्पात बघत होते. दगड कुठे आहे हे साऱ्या जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. तो घरापासून पाचशे पावलांवर, लव्हाळ्यात, एका पाणकोंबडीच्या पोटाखाली होता.

"अहो, खांबासारखे उभे काय राहिलात? जरा माळ्यावर चढून बघा की," बायको म्हणाली.

दुर्बीणराव माळ्यावर चढले. नाही हे ठाऊक असलेली वस्तू मन लावून शोधायची म्हणजे फार कष्टाचं काम, हे त्यांना वर गेल्यावर कळलं. शिंका देत ते खाली उतरले आणि माळ्यावर दगड नाही असं त्यांनी जाहीर केलं. गेल्या आठ दिवसांत त्यांनी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

दगडही साधासुधा नव्हता. अंड्याएवढा, पिवळट, अंगावर तपकिरी ठिपके, आणि चार पिढ्यांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेला. लव्हाळ्याची चटई विणून झाली की तिचा काठ त्या दगडाने घोटायचा; मग तो असा बसतो की वर्षानुवर्षं उसवत नाही. सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात तो सुनेच्या हातात ठेवला. मुलाला मात्र त्यांनी काही दिलं नाही. "ह्याच्या हातात काही टिकत नाही," असं प्रमाणपत्र तेवढं दिलं आणि डोळे मिटले.

त्या माउलीचंही काही चुकलं नव्हतं. दुर्बीणरावांच्या हातून जाळी फाटत, होड्या बुडत, विळ्यांच्या मुठी निघून येत. त्यामुळे वस्तीने पाणथळ राखायला समिती काढली, तेव्हा यांना काय काम द्यावं हा प्रश्नच पडला. शेवटी ज्यात कशालाच हात लावावा लागत नाही असं काम शोधून काढण्यात आलं. गळ्यात एक दुर्बीण अडकवली, हातात वही दिली आणि पक्षी मोजायला सांगितलं. दुर्बीणराव हे नाव लागलं ते तेव्हापासून. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला, या आनंदात त्यांनी सहा वर्षं एक दिवसही चुकवला नव्हता.

समितीचे नियम कडक होते, आणि ते लोकांनी पोळल्यावरच केले होते. पूर्वी ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा लव्हाळं कापावं अशी मोकळीक होती. मग लव्हाळं संपलं, त्याच्या आडोशाने वाढणारे मासे संपले, पक्षी निघून गेले आणि चटया विणणाऱ्या बायका लोकांच्या घरी भांडी घासू लागल्या. तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले. पाणथळीचे घरागणिक पट्टे पाडले. शेवटचं घरटं रिकामं होईपर्यंत कुणाचाही विळा लव्हाळ्याला लागायचा नाही, असं ठरलं. पक्षी बसलेला असेल तर वीस पावलांच्या आत जायचं नाही. आणि घरट्याला जो हात लावेल, त्याच्या घराचा पट्टा येणाऱ्या कापणीला बंद. हे शेवटचं कलम चटई गटाच्या प्रमुखबाईंनी सुचवलं होतं. प्रमुखबाई म्हणजे दुर्बीणरावांची बायको.

घोटाळा झाला तो महिन्यापूर्वी. त्यांच्याच पट्ट्यात पाणकोंबडीचं घरटं होतं. पक्षी जरा बाजूला गेलेला पाहून दुर्बीणराव होडी जवळ घेऊन गेले, अंडी मोजली, तीन भरली, वहीत लिहिली. पुढच्या खेपेला पुन्हा मोजायला गेले आणि होडी वळवताना वल्ह्याचा कोपरा घरट्याला लागला. एक अंडं घरंगळलं, होडीच्या काठावर आपटलं आणि संपलं.

दुर्बीणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. वहीत त्यांच्याच अक्षरात तीन. वही तपासायला शहरातून पाहणीच्या बाई यायच्या. दोन दिसली असती तर वस्तीवरचे लोक अंडी चोरतात असा बोभाटा झाला असता, आणि कापणीची परवानगी सगळ्यांचीच गेली असती. त्या वेळी त्यांच्या खिशात बायकोचा दगड होता. वाऱ्याने वहीची पानं उडतात म्हणून वजनाला त्यांनी तो सकाळी न विचारता उचलला होता. पिवळट, ठिपक्याठिपक्यांचा. पिलं बाहेर पडली की गुपचूप काढून आणू, असं मनाशी म्हणत त्यांनी तो घरट्यात ठेवला.

दोन पिलं वेळेवर बाहेर पडली. बाप त्यांना घेऊन पाण्यात उतरला. आई मात्र जागची हलेना. तिसरं अंडं उबवल्याशिवाय उठायचं नाही असा तिचा निर्धार दिसत होता. क्वचित ती चरायला गेली, तर तेवढ्या वेळापुरता बाप पिलांसकट येऊन दगडावर बसे. वस्तीवर इतकं जबाबदार जोडपं दुसरं नव्हतं. दुर्बीणराव वीस पावलांवर होडी थांबवून खोकून पाहत, टाळ्या वाजवून पाहत, एकदा तर त्यांनी छत्री उघडून मिटून पाहिली. पाणकोंबडी त्यांच्याकडे फक्त बघत राहिली. आठ दिवसांनी पिलं आपलं आपण चरू लागली, आई तशीच.

लव्हाळं कापायचे दिवस म्हणजे मोजून तीन आठवडे. त्याआधी कोवळं, त्यानंतर कडक होऊन काडकाड मोडणारं. त्यातच यंदा शहरातल्या नव्या वाचनालयाने गटाकडे चाळीस चटया मागितल्या होत्या. एवढं मोठं काम पहिल्यांदाच येत होतं, आणि वेळेवर दिलं तर दर वर्षी मिळणार होतं. म्हणून रोज सकाळी निम्मी वस्ती विळे घेऊन काठावर उभी राही आणि दुर्बीणराव परत आले की विचारी, उठली का? दुर्बीणराव मान हलवत आणि वहीत लिहीत, "पक्षी बसलेला आहे." लोक विळे घेऊन परत फिरत.

इकडे घरात दगडाचा शोध थांबेना. बायकोने बराच विचार करून चोर ठरवलं ते शेजारच्या जावेला. दगडावर तिचा पहिल्यापासून डोळा होता, म्हणे. दोघींचं कुंपणावरून कडाक्याचं भांडण झालं, सासूबाईंच्या काळातली उणीदुणी निघाली आणि बोलणं बंद झालं. दुर्बीणरावांनी मध्ये पडून, जाऊ दे, दगडच तो, असं म्हणून पाहिलं. त्यावर बायको रात्री जेवली नाही.

त्यात पाहणीच्या बाई आल्या. त्यांनी वही वाचली, दुर्बिणीतून पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"तुम्ही काय नोंदवलंय, कल्पना आहे का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "पिलं बाहेर पडून पंधरा दिवस झाले, तरी एका अंड्यावर बसून राहिलेली पाणकोंबडी मी आजवर बघितली नाही. तिला अजिबात त्रास होता कामा नये. कापणी आणखी थोडी थांबवता येईल ना?"

येईल, असं दुर्बीणराव म्हणाले. बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन तुमच्यासारखी माणसं हवीत असं सांगितलं. घरी जाताना दुर्बीणरावांना रडू आलं. खोटं बोलणाऱ्याला कुणी शिव्या दिल्या तर तो सोसतो. शाबासकी दिली तर त्याने जायचं कुठे?

सहा दिवस उरले तेव्हा समितीची सभा भरली. जाळी ठेवायच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुर्बीणरावांचा धाकटा भाऊ, म्हणजे जाऊबाईंचा नवरा, उभा राहिला आणि त्याने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. एका कोंबडीपायी वस्तीने उपाशी मरायचं का? तेवढं घरटं सोडून बाकीचं उद्याच कापून टाकू. लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्यांचीही तयारी झाली होती. दुर्बीणरावांना हायसं वाटलं. परस्पर सुटका होत होती.

तेवढ्यात त्यांची बायको उठली.

"चाळीस चटया माझ्या शब्दावर आल्यात," ती म्हणाली. "त्या गेल्या तर सगळ्यात आधी मी तोंडावर पडणार. पण नियम आज मोडला, तर पुढच्या वर्षी कोण कुणाला अडवणार? मी सात वर्षं लोकांची भांडी घासलीत. परत घासीन. पण पाणी ओसाड झालेलं मला परत बघायचं नाही."

ती खाली बसली. दुर्बीणरावांना बसवेना. ते उभे राहिले तेव्हा त्यांची दुर्बीण पुढच्या माणसाच्या टाळक्यावर आपटली.

"ते अंडं नाही," ते म्हणाले.

"मग काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"काठ घोटायचा दगड."

मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. अंडं, वल्हं, वही, खिसा. कुणी हसलं नाही. जाऊबाईंनी मोठ्या जावेकडे एकदा पाहिलं आणि पदर सावरून भिंतीकडे तोंड केलं. मुद्दाम सभेला आलेल्या पाहणीच्या बाई हातातलं टिपण घडी घालून पिशवीत ठेवताना दिसल्या. त्या त्यावर लेख लिहिणार होत्या.

सभा तशीच उठून काठावर गेली. दगडावर बसलेल्या पक्ष्याला वीस पावलांचा नियम लागतो की नाही, यावर पाण्यात उभं राहून पंधरा मिनिटं चर्चा झाली आणि लागत नाही असं ठरलं. दगड ओळखायला बायकोलाच होडीतून पाठवलं. पाणकोंबडीने तिच्या मनगटाला दोनदा चोच मारली, मग फडफडत बाजूला झाली. बायकोने दगड उचलला आणि बराच वेळ तसाच तळहातावर धरला.

"गरम आहे," ती म्हणाली.

दंड वाचून दाखवायचं काम गटप्रमुखांचं. तिने ते परक्या माणसाचं नाव वाचावं तसं वाचलं. आमचा पट्टा या कापणीला बंद. माझ्या वाट्याच्या चटया बाकीच्यांनी वाटून घ्याव्यात. जाऊबाईंची मी सगळ्यांसमोर माफी मागते. हे शेवटचं दंडात नव्हतं. दुर्बीण आणि वही दुर्बीणरावांकडून काढून घेण्यात आली आणि समितीत सगळ्यात काटेकोर कोण, असा विचार होऊन बायकोच्याच हवाली करण्यात आली. दुर्बीणराव हे नाव तेवढं राहिलं. ते काढून घ्यायची तरतूद नियमात नव्हती.

घरी ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भात वाढला, पाणी ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "सासूबाई बरोबर बोलल्या होत्या."

चार दिवसांत सगळी पाणथळ कापून झाली. मधोमध त्यांचा एकट्याचा पट्टा उभा राहिला, लांबून दिसेल असा. दोघं काठावर बसून लोकांचे भारे जाताना बघत. रोज सकाळी पाणकोंबडी त्या पट्ट्यात यायची, रिकाम्या घरट्यात मान घालून बघायची, भोवती एक फेरी मारायची आणि पुन्हा बघायची. बायको दुर्बीण डोळ्यांना लावून तिच्याकडे पाहत राही. दुर्बीणराव दुसरीकडे बघत.

आठवड्याभराने विणलेल्या चटया काठ घोटायला बायकोकडे येऊ लागल्या. जाऊबाई स्वतः पहिली चटई घेऊन आल्या, चहा पिऊन गेल्या. दुपारी दुर्बीणराव घरात आले तर बायको ओट्यावर बसून काचेच्या बाटलीचं बूड काठावर दाबत होती. घोटताना बाटली निसटत होती, तिचा अंगठा लाल झाला होता.

"दगड कुठाय?" त्यांनी विचारलं.

"असेल."

"असेल म्हणजे? कुठे ठेवलास?"

"अहो, माळ्यावर चढून बघा की."

दुर्बीणराव माळ्यावर चढले नाहीत. ते तिथेच उभे राहिले. बायकोने वर न बघता गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या पुढे धरली. ते काठावर गेले. उभ्या पट्ट्यात, घरट्यावर, पाणकोंबडी पंख पसरून निवांत बसली होती.

परत येऊन त्यांनी वही उघडली. घरट्याला हात लावल्याबद्दल पुढच्या कापणीलाही त्यांचा पट्टा बंद व्हायला हवा होता, आणि ते कलम लिहिणारी समोर बसली होती. आजच्या तारखेखाली तिच्या सरळ, काटेकोर अक्षरात एकच ओळ होती. "विशेष काही नाही."

दुर्बीणरावांनी वही मिटली, हात धुतले आणि चटई सरकू नये म्हणून तिचं दुसरं टोक धरून बसले.