संपलं म्हणजे संपलं

मी मॅरेथॉन धावणार असं ऑफिसात बोलून गेलो तेव्हा मॅरेथॉन केवढी असते हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, असेल स्टेशनपर्यंत जाऊन येण्याइतकी. (बेचाळीस किलोमीटर असते. एवढं अंतर मी बसनंसुद्धा एका दमात जात नाही, मध्ये चहाला उतरतो.)

पण बोलायला कारण होतं. माझ्या मुलीला ऑटिझम आहे. घरात आम्ही तिला सरकार म्हणतो, कारण सगळे निर्णय तिचे असतात आणि त्यावर अपील नसतं. पूर्वी काहीही संपलं, आंघोळ, बिस्किट, अगदी जिन्याच्या पायऱ्या, की सरकार जमिनीवर डोकं आपटून घ्यायची. आम्ही नवराबायको आळीपाळीनं उशी घेऊन मागे धावायचो. मग ती अशा मुलांसाठीच्या एका केंद्रात जायला लागली. तिथल्या ताईंनी दोन वर्षं खपून तिला एक शब्द शिकवला, ‘संपलं’. आता ती स्वतःच ‘संपलं’ म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. ताईंनी आम्हाला बजावून ठेवलं होतं, “संपलं म्हणजे संपलं. तुम्ही तो शब्द फिरवायचा नाही. तिचा त्यावरचा विश्वास उडाला तर पुन्हा उशी घेऊन धावाल.”

आणि आता ते केंद्रच बंद व्हायच्या बेतात होतं. जागेच्या मालकानं भाडं असं वाढवलं होतं की ताईंचं तोंडच बंद झालं. दुसरं केंद्र दुसऱ्या गावात. बायको रात्र रात्र छताकडे बघत पडायची. तेवढ्यात ऑफिसात मॅरेथॉनची जाहिरात आली, एखाद्या संस्थेसाठी धावा आणि निधी जमवा. मी आवक-जावकचा कारकून, पण त्या क्षणी अंगात काय संचारलं कोण जाणे, सरळ साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो आणि केंद्रासाठी मी धावणार म्हणून सांगून टाकलं.

साहेब म्हणाले, “तुम्ही? धावणार?”

“हो साहेब.”

“ठीक आहे. तुमच्या केंद्राचं वर्षाचं भाडं कंपनी भरेल. पण शर्यत पूर्ण करायची. निकालात नाव दिसलं पाहिजे. अर्धवट कामाचे पैसे मी देत नाही.” (मला मात्र इतकी वर्षं पगार देतायत.)

झालं! रोज सकाळी मी धावायला लागलो. धावायला म्हणजे, गल्लीतली कुत्री आधी भुंकायची, मग दया येऊन सोबत चालायची. परत आलो की सरकार दारातल्या पायपुसण्यावर बसलेली असायची. मी पाय पुढे करायचा, तिनं नाड्या सोडायच्या, बूट काढायचे, छातीशी धरून घरात न्यायचे, भिंतीला टेकवून ठेवायचे आणि म्हणायचं, “संपलं.” एकदा दूध आणायचं विसरलो म्हणून पुन्हा बूट घालायला गेलो, तर तिनं असं बघितलं की अनवाणीच दुकानात गेलो. उद्या सकाळपर्यंत बूट म्हणजे सरकारजमा.

शर्यतीच्या दिवशी त्याच बुटाच्या नाडीत एक चिप अडकवली. शेवटच्या रेषेवरच्या यंत्राला माणूस कळत नाही, चिप कळते. सरकारला घरीच ठेवायचं ठरलं होतं, कारण रेषेपाशी हे मोठाले भोंगे लावलेले आणि तिला मोठा आवाज सोसत नाही. पण मी नेहमीच्या वेळेला परतलो नाही. पायपुसण्यावर बसून बसून तिनं स्वतःच्या मनगटाला चावायला सुरुवात केली. शेवटी बायको तिला घेऊन निघाली आणि शेवटच्या वळणाजवळच्या शांत गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. मला फोन केला, “अहो, ऐका. फक्त हात हलवा आणि पुढे जा. थांबू नका!”

तोवर माझी अवस्था काय सांगू! गुडघे माझे राहिले नव्हते. म्हातारेकोतारे मला “चला चला, येईल येईल” म्हणत पुढे निघून गेले होते. पण वळण आलं, पलीकडे रेषेवरची कमान दिसली, आणि मला हुंदकाच फुटला. जमलं होतं हो! केंद्र वाचलं होतं!

तेवढ्यात सरकार दिसली. मनगट लाल झालेलं. मी हात हलवला. आणि थांबलो. तिला नुसतं सांगायला, की आलोच.

ती रस्त्यावर बसली.

“पाय देऊ नका!” बायको ओरडली.

पण इतक्या महिन्यांची सवय! ती बसली की माझा पाय आपोआप पुढे होतो. एक बूट निघाला. मी भानावर येईपर्यंत दुसराही पाय पुढे करून मोकळा झालो होतो. तिनं दोन्ही बूट छातीशी धरले, मनगट चावायचं थांबवलं आणि म्हणाली, “संपलं.”

“नाही गं राणी, थोडंच राहिलंय. दे बाबाला.”

“संपलं.”

“घ्या ना हिसकावून!” बायको रडत म्हणाली. मग तीच म्हणाली, “नको. नको हो.” मी हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला. सरकार माझ्याकडे बघत होती. मग वळली आणि आईचा हात धरून घरच्या रस्त्याला लागली.

मी मोज्यांवर धावलो. कमानीखालून गेलो. यंत्र गप्प. शिट्टीवाल्या स्वयंसेवकानं अडवलं.

“चिप कुठे?”

“बुटात.”

“बूट कुठे?”

“मुलीकडे.”

“मुलगी कुठे?”

“घरी गेली.”

“मग तिथलीच नोंद होईल,” तो म्हणाला आणि हसला.

निकालात माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’. साहेबांना मी बूट, पाय, पायपुसणं, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, “आवक दिसतेय, जावक दिसत नाही.”

मनात एकच आधार होता. केंद्र गेलं, पण केंद्रानं शिकवलेलं मी मोडलं नाही. तेच ताईंना सांगायला गेलो. त्या खेळणी खोक्यात भरत होत्या. वाटलं, गहिवरतील.

“वेडे आहात का तुम्ही?” ताई कडाडल्या. “हिसकावायचे होते बूट! रडली असती, डोकं आपटलं असतं. पुन्हा शिकवलं असतं! आम्ही होतो ना इथे!” आणि खोक्यावर डोकं टेकून त्या रडायला लागल्या. मी मोजे ओढत बसून राहिलो.

केंद्र बंद झालं. आता केंद्राच्या वेळेला सरकार बूट आणून माझ्यासमोर ठेवते. आम्ही तिघं त्या दारापर्यंत जातो. ती कुलपाला हात लावते आणि माझ्याकडे बघते. तो शब्द ती म्हणत नाही. माझीही म्हणायची छाती होत नाही. मग आम्ही परत फिरतो.

मी धावत येतो. त्या दोघी चालत येतात. मी दारात पोचतो तेव्हा सरकार केव्हाची पायपुसण्यावर बसलेली असते.